एका पायाचा हिशेब

वाचकहो, साठीच्या माणसाने सायकलला शक्तिमापक पेडल लावावे काय? आमच्या चिरंजीवांनी ते वाढदिवसाला आणून बसवले. पेडलच्या दांड्यातले ताणमापक पायाचा जोर मोजतात. त्याला फिरण्याच्या गतीची जोड मिळाली, की हँडलवरच्या पडद्यावर वॅटचा आकडा उमटतो.

पूर्वी कात्रजच्या चढावर मला 150 दिसत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर 100 च्या वर काटा सरकेना. ‘संपलं आपलं!’ म्हणून मी सायकल भिंतीला टेकवली. आठ दिवसांनी कन्येने विचारले, “बाबा, मोजणारं पेडल कोणतं?”

डावे! आणि कापलेला गुडघाही डावाच! एकाच बाजूचे मापक डाव्याचा आकडा दुप्पट करून सांगते. दोन्ही बाजूंचे लावले, तेव्हा डावा 50 आणि उजवा 75 भरला. बेरीज 125! आता डाव्याचे व्यायाम चालू आहेत.

तेव्हा पाय सारखे नसतील, तर दोन पैसे जास्त मोजून दोन्ही बाजूंचे घ्यावे. क्रँकची खरी लांबी त्यात भरावी. सायकल बाहेरच्या हवेत थोडी ठेवून, निघण्यापूर्वी पाय काढून मापक शून्यावर आणावे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे पाना धरताना विसरू नये.

हे ऐकून आमची ही म्हणाली, “घरातही तुम्ही आपलंच मोजून दुप्पट सांगता!”

मी मुकाट्याने फराळाची ताटे घेतली.