मेळघाटात पैसा घालण्यापूर्वी

जैवविविधता राखणाऱ्या स्टार्टअपमध्ये साहस भांडवल घालण्याची कल्पना आता नवखी राहिलेली नाही. डिसेंबर 2022च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखड्याने 2030पर्यंत वर्षाला 200 अब्ज डॉलर उभारण्याचे लक्ष्य ठेवले. त्यात खासगी पैसाही धरला आहे. अमेरिकेत ‘सुपरऑर्गॅनिझम’सारखा केवळ याच कामाचा निधी निघाला. हाच पैसा परतवाडा-धारणी रस्त्याने मेळघाटातल्या सेमाडोहला आला, तर तो कशात घालावा?

पहिले उत्तर साधनांचे. वणव्याची वेळेत सूचना, कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांची छाननी, आवाजावरून पक्ष्यांची ओळख, ही कामे मेळघाटाप्रमाणेच देशातल्या सर्व 58 व्याघ्र प्रकल्पांना लागतात. इथल्या सिपना नदीच्या खोऱ्यात टिकलेले यंत्र इतरत्रही विकता येते. इथे समभाग घेणे रास्त आहे. मात्र मुख्य गिऱ्हाईक वनखाते; निविदा आणि बिलांचा काळ कंपनीला तगवेल एवढी रक्कम पहिल्याच फेरीत हवी.

दुसरे उत्तर मोह, सीताफळ, बांबू यांचे, आणि तिथे समभागाचे आपले नेहमीचे हत्यार चालत नाही. अचलपूरजवळच्या पायविहीरने सामूहिक वनहक्क मिळवून उजाड टेकडी हिरवी केली, सीताफळे मुंबईच्या बाजारात नेली आणि 2014मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. अशा गावात भागीदारी विकत घेता येत नाही. 2006च्या कायद्याने मिळालेला वनहक्क हस्तांतरित होत नाही आणि ग्रामसभेचे शेअर बाजारात येत नाहीत. पिकल्यावर चार दिवसही न टिकणाऱ्या फळाला हंगामाआधीची उचल, गर काढण्याची सोय आणि खरेदीचा पक्का करार हवा. ते काम कमी व्याजाच्या खेळत्या भांडवलाचे आहे.

तिसरा मुद्दा मोजमापाचा. उदाहरणार्थ, रानपिंगळा हा पक्षी नामशेष झाला असे मानले जात होते. 1997मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला, पुढे मेळघाटातही सापडला. त्याला विरळ पानगळीचे रान आणि ढोल्या असलेली जुनी झाडे लागतात. त्या मोकळ्या रानात दाट लागवड केली, तर कार्बनचा हिशेब वधारेल आणि पिंगळ्याचे घर जाईल. झाडांची संख्या हा यशाचा एकमेव आकडा ठरवणाऱ्या कंपनीला आपण जैवविविधतेच्या नावाने पैसा देऊ नये.

निधी व्यवस्थापकांना आमचे सांगणे थोडक्यात असे. साधनांसाठी समभाग आणि वनोपजासाठी कर्ज असे दोन वेगळे कप्पे ठेवा. करारावर सही होण्यापूर्वी ग्रामसभेशी आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशी बोला. जैविक संसाधनावर धंदा उभा असेल, तर 2002च्या जैवविविधता कायद्यातील लाभवाटपाचे दायित्व, 2023च्या दुरुस्तीसह, आधीच तपासा. आणि दहा वर्षांत बाहेर पडण्याची अट ज्या उद्योगाला मानवत नाही, तिथे समभाग मागूच नका.