शिवसागराची शांतता राखायची कोणी?

साताऱ्याहून कासचे पठार ओलांडून बामणोलीला उतरावे, वनखात्याचा परवाना घ्यावा आणि शिवसागराच्या पाण्यावरून बोटीने वासोट्याच्या पायथ्याशी जावे. ही भ्रमंती एका दिवसाचीच. मुक्कामाला परवानगी नाही. दिवस मावळण्यापूर्वी अरण्याबाहेर पडावेच लागते. मेट इंदवलीला वनरक्षक पिशव्या उघडायला लावतात, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि खाऊची वेष्टणे मोजतात, अनामत घेतात आणि परतताना हिशेब जुळला तरच ती परत करतात. शहरातून आलेल्या अनेकांना हा जाच वाटतो.

वस्तुतः या जाचामुळेच तेथील अरण्य अरण्य राहिले आहे. ओढ्याकाठच्या मारुतीला नमस्कार करून चढण सुरू झाली की ऊनही जमिनीपर्यंत मोठ्या कष्टाने पोहोचते. माथ्यावर छप्पर हरवलेला आणखी एक मारुती, महादेवाचे जुने मंदिर आणि उरात धडकी भरवणारा बाबूकडा. खाली जावळीचे निबिड रान आणि त्यात पसरलेले निश्चल पाणी. शिवछत्रपतींनी या दुर्गाला व्याघ्रगड हे नाव दिले. २०१० मध्ये हाच प्रदेश सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आला, हा योगायोग मोठा बोलका आहे.

मात्र हे सरोवर निसर्गनिर्मित नाही, हे किती जणांच्या ध्यानात असते? साठच्या दशकात कोयना धरण उभे राहिले आणि महाराष्ट्राचे कारखाने व घरे उजळली. खोऱ्यातली गावे मात्र पाण्याखाली गेली. शेती, देवळे, वहिवाटीच्या वाटा सोडून माणसे परजिल्ह्यांत विखुरली. जी काठावर उरली, त्यांच्यावर १९८५ मध्ये अभयारण्याचे निर्बंध आले. आज पर्यटक ज्या शांततेचे कौतुक करतात, तिचे मोल या कुटुंबांनी चुकते केले आहे. आणि ते अद्याप पुरते फेडले गेलेले नाही.

अशा ठिकाणी २०१९ मध्ये 'नवीन महाबळेश्वर' वसवण्याची जबाबदारी रस्ते विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली. काठावरच्या मुनावळ्यात २०२४ मध्ये जलक्रीडाही सुरू झाल्या. जुन्या महाबळेश्वरची सुट्टीच्या दिवसातली वाहनांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नव्याची हौस कशी वाटावी? स्थानिकांना रोजगार हवा, यात दुमत नाही. परंतु बामणोलीचा नावाडी आज जगतो तो येणाऱ्याला रान हवे असते म्हणून. रान गेले की बोट राहील, प्रवासी कशाला येईल? शिवाय मोठी हॉटेले आली तर त्यांचे मालक बाहेरचे असतील आणि गावकऱ्याच्या वाट्याला त्यांच्या फाटकावरची पहारेदारी येईल, हा धोका खोऱ्याने ओळखला पाहिजे.

पर्यटकाची एकेक बाटली मोजणाऱ्या शासनाने येऊ घातलेल्या बांधकामांनाही तीच शिस्त लावावी. कोणताही आराखडा पक्का करण्यापूर्वी काठावरच्या ग्रामसभा ऐकाव्यात, धरणग्रस्तांची थकलेली देणी आधी द्यावीत. आणि बोटी, न्याहारी, वाटाड्यांचे काम गावकऱ्यांच्याच हाती ठेवावे.