लॅपटॉपचा विमा: ‘किती’ नंतर, आधी ‘कशाचा’ ते विचारा

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या लागल्या की जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये आणि धुळ्याच्या बाजारपेठेत दरवर्षी लॅपटॉपची खरेदी जोरात सुरू होते. आता यात मुलींची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी आहे. राज्य सरकारने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. फीचा भार गेला, लॅपटॉप मात्र पदरमोड करूनच घ्यावा लागतो. कुणी बचत गटातून कर्ज काढतं, कुणी हप्त्यावर घेतं, कुणी केळीचे पैसे आले की घेऊ म्हणतं.

बिल करायची वेळ आली की काउंटरवरचा मुलगा हमखास म्हणतो, “ताई, विमा पण करून टाका. दोन हजारात वर्षभर टेन्शन नाही.” आपण नवऱ्याकडे बघतो, नवरा आपल्याकडे बघतो. पन्नास हजार दिले, तिथे आणखी दोन हजारांचं काय, असं म्हणून हो म्हणतो. नाहीतर ‘हे सगळे पैसे उकळायचे धंदे’ म्हणून सरळ नाही म्हणतो. मैत्रिणींनो, माझ्या मते दोन्ही उत्तरं घाईची आहेत. विम्याचा हप्ता किती, हा नंतरचा प्रश्न. विमा कशाकशाचा आहे, हा पहिला.

खरं तर खान्देशातल्या बायांना हे नव्याने सांगायला नको. रावेर, यावल, चोपड्याकडच्या घराघरांत केळीच्या पीकविम्याची चर्चा चुलीपर्यंत पोचलेली असते. हवामानावर आधारित फळपीक विम्यात नुसती बाग गेली म्हणून पैसे मिळत नाहीत. पारा ठरवून दिलेल्या अंशांखाली गेला का, किती दिवस सलग गेला, मंडळातल्या हवामान केंद्रावर वाऱ्याचा वेग किती नोंदला, हे सगळं पाहिलं जातं. गारपिटीसाठी वेगळा जादा हप्ता असतो आणि नुकसान झालं तर ७२ तासांत कळवावं लागतं. म्हणून शेतकरी आधी विचारतो, “यंदा कुठलं हवामान धरलंय?” लॅपटॉप घेतानाही हाच प्रश्न विचारायचा आहे.

एक नाव, तीन वस्तू

दुकानात ज्याला सरसकट ‘विमा’ म्हणतात, त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात.

पहिली वॉरंटी. ती कंपनीने दिलेली हमी. यंत्रात मुळातच दोष निघाला तर कंपनी दुरुस्त करून देते. ‘वाढीव वॉरंटी’ म्हणजे हीच हमी जास्त वर्षांसाठी. लॅपटॉप हातातून पडला, चहा सांडला, चोरीला गेला, तर वॉरंटीचा काही उपयोग नाही.

दुसरी ‘प्रोटेक्शन प्लॅन’. लॅपटॉपची कंपनी किंवा मोठं दुकान तो विकतं. पडणं, पाणी सांडणं असे अपघात त्यात असतात, चोरी बहुधा नसते. दुरुस्ती त्यांच्याच केंद्रात होते. रोख पैसे हातात येत नाहीत.

तिसरा खरा विमा. तो विमा कंपनीचाच असतो, दुकान किंवा अ‍ॅप फक्त मधला. त्यावर आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेची देखरेख असते. तेव्हा काउंटरवरच विचारा, “भाऊ, यात विमा कंपनी कोणती? पॉलिसी नंबर माझ्या नावावर येणार का?” उत्तरात विमा कंपनीचं नाव आलं नाही, तर तो विमा नाही एवढं समजून चला. प्लॅन वाईटच असतो असं नाही. पण पुढे तक्रार करायची झाली तर दोघांचे रस्ते वेगळे आहेत.

आपला लॅपटॉप जाईल कशाने?

विमा निवडण्याआधी घरी बसून एवढाच विचार करा. शिरपूरला किंवा जळगावजवळ बांभोरीला रोज घरून जाऊन-येऊन शिकणारी मुलगी आणि पुण्याच्या वसतिगृहात राहणारी मुलगी, दोघींच्या लॅपटॉपला धोका सारखा नाही.

घरून जाणारीचा लॅपटॉप बहुतेक पडून किंवा पाणी-चहा सांडून बिघडतो. तिला अपघाती नुकसान आणि द्रवपदार्थाचं नुकसान असं स्पष्ट लिहिलेला प्लॅन पुरतो. स्क्रीन त्यात धरली आहे का, तेवढं विचारून घ्या.

पुण्या-मुंबईला शिकणारीचा मोठा धोका म्हणजे प्रवास. रात्रीची ट्रॅव्हल्स, भुसावळहून रेल्वे, सुट्टीत भरलेली वसतिगृहाची खोली. इथे चोरीचा विमा लागतो, आणि नेमकी इथेच शब्दांची मेख आहे. अनेक पॉलिसींत चोरी म्हणजे कुलूप तोडून, दार फोडून, जबरदस्तीने झालेली चोरी. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हेच सांगितलं. पॉलिसीत बळजबरीने शिरल्याची अट लिहिलेली असेल तर साध्या चोरीची भरपाई मागता येत नाही, कारण पॉलिसीचे शब्द दोन्ही पक्षांना बांधील असतात. आता विचार करा, बस स्टँडवर बाकड्यावर ठेवलेली बॅग कुणी उचलून नेली, तर कुठलं कुलूप तुटलं? गाडीत सोडून गेलेली बॅग आणि ‘कुठे गेली कळलंच नाही’ असं हरवणं, हेही बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं.

“पण रेल्वेचा विमा असतो ना तिकिटासोबत?” असं बऱ्याच जणी विचारतात. ऑनलाइन तिकीट काढताना पन्नास पैशांच्याही आत मिळणारा तो विमा माणसाचा आहे. मृत्यू, अपंगत्व, दवाखान्याचा खर्च यासाठी तो असतो, बॅगेसाठी नाही. आणि आपण जवळ बाळगलेल्या सामानाची चोरी झाली म्हणून रेल्वेची सेवा कमी पडली असं होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रवाशाच्या एक लाख रुपयांच्या प्रकरणात म्हटलं आहे.

तिसरा धोका विजेचा. वैशाख-ज्येष्ठात जे वारं केळी आडवी करतं, तेच खांब आणि ताराही पाडतं. वीज जाते, येते, एकदम जास्त दाबाने येते. काही जणी म्हणतात, आमचा घराचा विमा आहे. २०२१ पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच नमुन्याची घरविमा पॉलिसी मिळते. तिच्यात घराबरोबर घरातलं सामानही येतं, इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख. आग, वादळ, पूर यांत लॅपटॉप गेला तर ती कामाची आहे. पण शॉर्टसर्किटने किंवा जादा दाबाने तेच यंत्र जळालं तर त्या यंत्राची भरपाई तिच्यात नाही. चोरीही आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झाली तरच धरतात. शिवाय सामान विमा काढलेल्या घरातच असायला हवं, म्हणजे पुण्याच्या खोलीतला लॅपटॉप त्यात येत नाही. यावर स्वस्त उपाय म्हणजे चांगला स्पाइक गार्ड, आणि वारं सुटलं की चार्जर काढून ठेवायची सवय.

पुराला मात्र कमी लेखू नका. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावच्या घराघरांत, दुकानांत शिरलं. धुळ्यात पांझरेकाठच्यांना तर पाण्याची सवयच आहे. अशा वस्तीत खालच्या मजल्यावर राहत असाल तर नुसत्या लॅपटॉपच्या विम्यापेक्षा घराचा विमा आधी बघा.

हातात किती पडणार?

समजा, लॅपटॉप ५०,००० चा. हप्ता २,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६० रुपये. (सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी काढला तो वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा, वस्तूंच्या विम्यावरचा नाही.) आठ महिन्यांनी लॅपटॉप चोरीला गेला. पॉलिसीत २० टक्के घसारा लिहिलेला असेल तर किंमत धरली जाईल ४०,०००. त्यातून ‘एक्सेस’, म्हणजे आपण सोसायचा वाटा, समजा पाच टक्के, गेले २,०००. हातात ३८,०००. वाईट नाही, पण ‘पूर्ण पैसे परत’ हे दुकानातलं बोलणं खरं नव्हतं, हेही दिसतं. घसारा किती आणि एक्सेस किती, हे दोन आकडे बिलाच्या मागे लिहून घ्या.

आणि चार वर्षं जुना, बाजारात बारा हजारांना जाणारा लॅपटॉप असेल तर विम्याचा नाद सोडा. तेच दोन हजार दरवर्षी बचत गटात टाका.

बिलावर नाव कुणाचं?

हा मुद्दा खास आपल्यासाठी. वापरणारी मुलगी, पैसे आईने भिशीतून काढलेले, बिल मात्र काकांच्या नावावर, का तर त्यांची दुकानदाराशी ओळख! विमा ज्याची वस्तू त्याचा असतो. बिल एकाच्या नावाने, पॉलिसी दुसऱ्याच्या नावाने असली की दावा अडकतो. तेव्हा बिल, पॉलिसी आणि बँक खातं एकाच नावावर ठेवा. ते नाव मुलीचं किंवा तुमचं असलं तर काही बिघडत नाही. बिलावर लॅपटॉपचा सीरियल नंबर आहे ना, तेही बघा.

बचत गटाच्या हिशेबाचा किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईचा लॅपटॉप असेल तर आणखी एक खबरदारी. घरगुती वापराच्या पॉलिसीत धंद्याचा वापर बहुधा बसत नाही. कामासाठी वापरतो हे आधीच सांगून तशीच पॉलिसी मागा.

‘नाही’ म्हणाले तर?

चोरी झाली तर त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद आणि त्याच दिवशी विमा कंपनीला फोन व ईमेल. बिघडला तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे उघडायला देऊ नका, आधी कळवा, फोटो काढा. नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे दावा कळवल्यावर सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत घ्यायचा आणि अहवालानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. पॉलिसी देताना ठळक अटींचा सोपा माहितीतक्ताही द्यायचा असतो. तो मागून घ्या.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या खान्देशासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ यंत्रणेचा फोन १५५२५५. प्रोटेक्शन प्लॅन असेल तर लोकपाल नाही, जिल्हा ग्राहक आयोग. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्याने आपण जिथे राहतो तिथल्याच आयोगात तक्रार करता येते. म्हणजे दुकान पुण्यातलं असलं तरी तक्रार जळगावला किंवा धुळ्याला. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. मार्गदर्शनासाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

२०४७ पर्यंत प्रत्येकाला विमा, असं नियामकाने ध्येय ठेवलं आहे. ध्येय चांगलंच आहे. पण कागद वाचल्याशिवाय घेतलेला विमा म्हणजे नुसती पावती. तेव्हा यंदा काउंटरवर उभ्या राहाल तेव्हा पाच प्रश्न विचाराच: विमा कंपनी कोणती? पडणं आणि पाणी आहे का? साधी चोरी आहे का? घसारा आणि एक्सेस किती? नाव कुणाचं? उत्तरं कागदावर मागा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या, पैसे आपले आहेत. आणि हे प्रश्न आपण न विचारता मुलीलाच विचारू द्या. लॅपटॉप तिचा आहे, आणि पुढे आयुष्यात असे कितीतरी कागद तिला एकटीनेच वाचायचे आहेत.