ब्राऊन शुगरच्या व्यसनावर महिन्याला एकच इंजेक्शन. नेमका कसा असतो हा उपचार?

वसई-विरार : हेरॉइन, ब्राऊन शुगरच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन हे औषध दिले जाते. ‘नॅको’च्या केंद्रांवर ही गोळी साधारणपणे रोज कर्मचाऱ्यांसमोर जिभेखाली ठेवून घ्यावी लागते. पहाटेची विरार लोकल पकडणाऱ्याची अडचण इथेच होते. केंद्रावर जावे तर कामाचा खाडा, कामावर जावे तर डोस चुकतो. लांबणीचे इंजेक्शन या रोजच्या फेरीवरचा पर्याय आहे.

इंजेक्शन कसे काम करते?
त्वचेखाली औषधाचा साठा तयार होतो आणि ते हळूहळू रक्तात उतरते. त्यामुळे तलफ, अंगदुखी, जुलाब आटोक्यात राहतात. अमेरिकेत मासिक इंजेक्शनला २०१७ मध्ये मान्यता मिळाली; आठवड्याचा पर्याय २०२३ मध्ये आला. चुकून शिरेत गेल्यास जिवाला धोका असल्याने ते प्रशिक्षित कर्मचारीच देतात.

‘एमडी’वर चालते का?
नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात ७०० किलोहून अधिक एमडी पकडले होते. मात्र एमडी उत्तेजक आहे, अफूवर्गीय नाही. त्याच्या उपचारात समुपदेशनावर भर असतो.

धोका कधी?
उपचार मध्येच सोडल्यावर. शरीराची सहनशक्ती घटलेली असते; अशा वेळी जुन्याच मात्रेत नशा केल्यास श्वास थांबून मृत्यू होऊ शकतो. म्हणून ‘आता बरा झाला’ म्हणत घरच्यांनी औषध परस्पर बंद करू नये.

मदत कुठे?
केंद्र सरकारच्या १४४४६ या टोल-फ्री क्रमांकावर.