उपाशी आईचं कौतुक पुरे

मातृदिनाच्या भाषणांत हल्ली ऑक्टोपसची आईही येऊ लागली आहे. गोष्ट खरी आहे, आणि आहेच थक्क करणारी. मे २००७ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरेच्या सागरी दरीत, सुमारे १४०० मीटर खोल कड्यावर एक मादी अंडी सांभाळत बसलेली दिसली. ब्रूस रॉबिसन आणि त्यांचे सहकारी साडेचार वर्षांत अठरा वेळा यान पाठवून तिला बघून आले. अंगावरच्या खुणांवरून तीच ती, हे कळायचं. ५३ महिने बाई जागची हलली नाही! दीडशेच्या वर अंडी. ती स्वच्छ ठेवायची, खेकडे-कोळंबी जवळ आली की हुसकायची. खाताना मात्र ती एकदाही दिसली नाही. यानाच्या हाताने खेकड्याचे तुकडे पुढे केले, तेही नाकारले. जांभळट अंग पांढरं पडलं, डोळे धूसर झाले. ऑक्टोबर २०११ मध्ये ती नव्हती. उरली होती फुटलेल्या अंड्यांची टरफलं.

इथे टाळ्या पडतात आणि मला खटकतं. तिच्या जातीत मादी एकदाच अंडी घालते आणि मरते, तिची घडणच तशी. पिल्लंही जन्मतःच शिकार करण्याइतकी तयार. आपलं बाळ तसं असतं का हो? आईचं खरं काम तर नंतर सुरू होतं. वस्तीत बाळंतिणी भेटतात, सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेली अर्धी भाकरी खाणाऱ्या. वर सासूबाई कौतुकाने सांगतात, "आमची सून कध्धी मागत नाही." २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तो असा.

सांगायचीच तर दुसरी गोष्ट सांगा. त्याच किनाऱ्यापुढे, डेव्हिडसन सागरी पर्वतापाशी ३२०० मीटर खोलीवर २०१८ मध्ये हजारो ऑक्टोपस सापडले. भोवतालचं पाणी दोन अंशांहूनही थंड. पण या माद्या खडकांतून कोमट पाणी झिरपतं तिथेच अंडी घालतात. त्या उबेने पिल्लं दोन वर्षांच्या आत बाहेर येतात. त्याही शेवटी मरतातच, पण ताटकळणं तरी कमी.

हे वस्तीत सांगितलं तर एक आजी चटकन म्हणाल्या, "म्हणजे बाळंतिणीची शेगडीच की!"

"हो ना. शेगडी ठेवताच, आता ताटही आधी तिचंच वाढा."

"आणि मुलगा कामावरून आला की?"

म्हटलं, "त्याला घेऊ दे की हाताने वाढून."