लेन्सला भीती दाबाची नव्हे, पाण्याची

पावसाळा सरून समुद्र निवळला की मालवण, तारकर्लीत स्कूबा डायव्हिंगच्या बोटी पुन्हा पाण्यात जाऊ लागतात. येणाऱ्या पर्यटकांत चष्मेवाले बरेच असतात. मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही. काड्यांमुळे मास्कची रबरी कड चेहऱ्याला नीट टेकत नाही आणि फटीतून पाणी शिरते. मग कॉन्टॅक्ट लेन्सची डबी बाहेर निघते आणि त्यासोबत एक ठरलेली शंकाही : खाली पाण्याच्या दाबाने लेन्स डोळ्याला चिकटून तर बसणार नाही ना?

ही शंका अगदीच निराधार नाही, फक्त जुनी आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पाणबुड्यांच्या डोळ्यांवर प्रयोग झाले. त्या काळी कडक प्लास्टिकच्या, हवा आरपार न जाऊ देणाऱ्या लेन्स सर्रास वापरात होत्या. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर येताना बाहेर पडू लागतो. डोळ्यांतून निघणारा वायू अशा लेन्सखाली अडकला, त्याचे बुडबुडे झाले आणि पारपटलाला सूज आली. दिव्यांभोवती वलये दिसू लागली, नजर काही काळ धूसर झाली. त्याच लेन्सला बारीक छिद्र पाडले तेव्हा बुडबुडे झाले नाहीत. मऊ लेन्सखालीही ते आढळले नाहीत. आज बहुतेक लोक वापरतात त्या लेन्स मऊच असतात. १० मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, पण हौशी पर्यटकाला सहसा त्याहून उथळ पाण्यातच नेतात. तेव्हा दाबाची बाब इथेच संपते.

खरा प्रश्न पाण्याचा आहे, आणि तो किनाऱ्यावर फारसा कोणी विचारत नाही.

समुद्राच्या, नदीच्या, विहिरीच्या, एवढेच काय नळाच्या पाण्यातही अकॅन्थअमिबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. एरवी तो डोळ्यांत गेला तरी पापण्यांच्या उघडझापीने आणि अश्रूंनी धुऊन निघतो. लेन्स असली की त्याला टेकायला जागा मिळते. लेन्समुळे पारपटलावर सूक्ष्म ओरखडे असतील तर आत शिरायला वाटही मिळते. प्रतिकूल परिस्थितीत हा जीव स्वतःभोवती टणक कवच तयार करतो, त्यामुळे लेन्स धुण्याचे नेहमीचे द्रावण त्याच्यापुढे अनेकदा अपुरे पडते. संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर उपचार महिनोन्महिने चालतात; काही रुग्णांवर नेत्ररोपणाची वेळ येते. सुरुवातीला तो विषाणूसंसर्गासारखा दिसत असल्याने निदानही चुकते. पाश्चात्त्य देशांत याचे बहुतांश रुग्ण लेन्स वापरणारे असतात. भारतात मात्र लेन्स न वापरणाऱ्यांतही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. डोळ्यांत गेलेली माती आणि दूषित पाणी ही त्याची कारणे.

मास्क कोरडा राहिला तर पाण्याचा संबंधच येत नाही, हे खरे. पण पहिल्यांदाच बुडी मारणाऱ्याच्या मास्कमध्ये थोडेफार पाणी जातेच. पाणी शिरले की डोळे मिटून घ्यावेत, नाकाने जोरात श्वास सोडून ते बाहेर काढावे आणि मगच डोळे उघडावेत. मास्कमध्ये नाक झाकलेले असते ते यासाठीही. त्याच नाकातून सोडलेल्या हवेने मास्कमधला दाब बाहेरच्या दाबाइतका राखता येतो. पोहण्याच्या गॉगलमध्ये ही सोय नाही, म्हणून तो घालून खोल जाऊ नये.

बहुतेकांची चूक पाण्यातून बाहेर आल्यावर होते. सकाळी बुडी, दुपारी माशाचे जेवण, संध्याकाळी किनाऱ्यावर फेरी आणि लेन्स दिवसभर डोळ्यांतच. किंवा ती खोलीवर काढून नळाच्या पाण्याने खळबळून पुन्हा डबीत. बाटलीबंद पाणीही लेन्ससाठी चालत नाही. एकदा वापरून टाकून देण्याच्या लेन्स सोबत न्याव्यात आणि बाहेर आल्यावर स्वच्छ, कोरड्या हातांनी काढून कचऱ्यात टाकाव्यात. चष्मा बोटीवर असू द्यावा, म्हणजे परतीच्या वाटेवर अडत नाही.

लेन्स टाळायची असेल तर नंबरची काच बसवलेला मास्क हा चांगला पर्याय. तयार काचा साधारण अर्ध्या नंबरच्या फरकाने मिळतात, पण प्रत्येक केंद्रावर त्या असतीलच असे नाही. नोंदणी करतानाच विचारलेले बरे. नंबर अगदी लहान असेल तर काहीच न लावताही चालते. पाण्यात मास्कमधून वस्तू सुमारे पाव अंतराने जवळ भासतात, आणि आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात फार लांबचे तसेही कोणाला दिसत नाही!

मात्र चष्मा घालवण्यासाठी लेझर शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर निदान महिनाभर थांबावे आणि आपल्या नेत्रतज्ज्ञांना विचारूनच पाण्यात उतरावे. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल तर तो पूर्ण जिरेपर्यंत बुडी मारायची नाही, विमानातही बसायचे नाही.

सहलीनंतर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही, डोळा लाल झाला, उजेड सहन होईना आणि दिसण्याच्या मानाने वेदना फारच जास्त असतील तर औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणू नयेत. त्यातले स्टेरॉइड दुखणे दडवते आणि संसर्ग वाढू देते. तपासणीला जाताना लेन्सची डबीही सोबत न्यावी आणि लेन्स घालून पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. ते सांगितले नाही, तर त्यांना अकॅन्थअमिबाची शंका येण्याचे कारणच उरत नाही.