जिप्सीच्या पोटातला दुसरा गिअरबॉक्स

बंगळूरच्या जे. सी. रोडवर मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं रांगेनं उभी आहेत. तिथे जुन्या मारुती जिप्सीचा मालक चटकन ओळखू येतो. हातात तेलकट कागदात गुंडाळलेला गिअर आणि चेहऱ्यावर काळजी! रामनगरच्या खडकांत किंवा सकलेशपूरच्या चिखलात रविवार काढून आलेल्या गाडीचा 'लो' गिअर सुटायला लागलेला असतो.

हा 'लो' असतो ट्रान्सफर केसमध्ये. नेहमीच्या गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारा हा दुसरा, छोटा गिअरबॉक्स. १९८५ साली आलेल्या जिप्सीत तो मुख्य गिअरबॉक्सपासून वेगळा, चासीला रबरी माउंटवर टांगलेला असतो. मधे एक आखूड शाफ्ट. १९९६च्या जिप्सी किंगमध्ये 'हाय'चं प्रमाण १.४०९, तर 'लो'चं २.२६८. म्हणजे 'लो' टाकला की चाकाशी सुमारे १.६ पट जोर आणि तेवढाच कमी वेग.

उतारावर हा 'लो' सुटला, तर गाडी थेट न्यूट्रल! इंजिनाचा अडसर गेला, सगळा भार पायाच्या ब्रेकवर. मागच्या सीटवर मुलं बसलेली असताना हे परवडणारं नाही. झिजलेले दाते, घासलेला शिफ्ट फोर्क किंवा मऊ पडलेली स्प्रिंग ही त्यामागची नेहमीची कारणं. पण मूळ दोष पुष्कळदा चालवणाऱ्याचाच असतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर 'फोर व्हील' टाकून ऐटीत फिरणारे काही कमी नाहीत. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरून हिशेब जुळवतं. डांबरावर ते घसरत नाही, आणि सारा पीळ गिअर-बेअरिंगांवर येतो.

दुरुस्तीला बसलेला जाणता मेकॅनिक आधी तेल काढतो. लिटरभरही नसतं ते, पण सगळी कुंडली त्यात. चुंबकाला चिकटलेला बारीक काळा गाळ चालतो. चमकणारे तुकडे दिसले की केस उघडायचीच. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तापलेली केस ओढ्यात बुडते, आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. म्हणून ब्रीदरची नळी बॉनेटखाली उंच नेऊन बांधतात. खर्च किरकोळ, उपयोग मोठा.

केस उघडलीच, तर एकच बेअरिंग बदलणं ही खोटी काटकसर. बेअरिंगं, ऑइल सील, थ्रस्ट वॉशर, निडल रोलर एकदमच बदलावे आणि शाफ्टवर खाच पडली असेल तर तोही. जुन्या शाफ्टवर नवे रोलर फार दिवस टिकत नाहीत.

विलिस जीपवाल्यांना हे दुखणं जुनंच. महिंद्रनं १९४७ साली मुंबईत जोडायला घेतलेल्या या जीपच्या ट्रान्सफर केसमधला मधला शाफ्ट महायुद्धाच्या काळात पाऊण इंच जाडीचा होता. पुढे तो कारखान्यानंच जाड केला. त्या जीपचा हँडब्रेकही ट्रान्सफर केसच्या मागेच. मागचं सील गळलं की तेल ब्रेकच्या लायनिंगवर, आणि चढावर उभी केलेली जीप हळूच निघाली मागे! चाकाखाली दगड लावायची सवय कुठून आली असेल, हे वेगळं सांगायला नको.

आणखी जोर हवा म्हणून काही हौशी मंडळी परदेशातून जास्त 'लो' गिअरचा संच मागवतात. खडक चढायला तो झकास. पण वाढलेला जोर पुढे प्रॉपेलर शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि ॲक्सलवर जातो. मोठे टायर असतील तर बघायलाच नको. टिकाऊपणाच हवा असेल तर आधी रबरी माउंट मजबूत करावे. ते फाटले की केस जोरात पिळवटते, आखूड शाफ्ट वाकडा फिरतो आणि नवी बेअरिंगंही थरथरून खिळखिळी होतात.

जिप्सीची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबून आता बरीच वर्षं झाली. लष्कराच्या लिलावातल्या गाड्या अजून हातोहात फिरतात. अशी गाडी बघायला जाताना इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात. सोबत बॅटरी घेऊन गाडीखाली वाकावं, माउंटचं रबर बघावं आणि मोकळ्या मैदानात 'लो' टाकून पाय ॲक्सिलरेटरवरून एकदम काढावा. लीव्हर जागचा हलला, तर भाव उतरवायला सुरुवात करावी.